बुडबुडे थांबेपर्यंत

"ताई, तुझं एखादं डिझाइन कधी खरंखुरं उभं राहिलंय का गं?"

सारजानं प्रश्न विचारला आणि लगेच जीभ चावली. जिन्याच्या खालच्या पायरीवर झेबा आणि गार्गी तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच होती. "वर जायचं, तोंडावर विचारायचं आणि उत्तर घेऊनच खाली यायचं," असं गार्गीनं बजावलं होतं. झेबानं वरून चिमटा काढला होता, "डर गई क्या गे?" आता असं म्हटल्यावर सारजा मागं हटते होय! शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिसरी आल्यापासून तिच्या अंगात निराळंच वारं शिरलं होतं. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, ती आता रिक्षावाल्यांशी वाद घालत होती.

आणि प्रश्न काही उगाच नव्हता. कालिंदीताई कन्नड गावची. आर्किटेक्चर शिकायला आलेली, सारजाच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. दर सबमिशननंतर गच्चीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची एक इमारत येऊन पडायची. वाचनालय, दवाखाना, पोस्ट ऑफिस, बसस्थानक. वाचनालयाचं छत पावसानं फुगून पापडासारखं झालं होतं आणि बसस्थानकात शेजारच्या मांजरीनं पिल्लं घातली होती. चार वर्षांतल्या इमारतींचा तेवढाच काय तो उपयोग.

कालिंदीनं हातातला कटर खाली ठेवला. सारजाला वाटलं, आता बसली चपराक.

"नाय," ताई म्हणाली. "एकबी नाय. कागदावर लई उभी केली, पुठ्ठ्यात केली. पण ज्याच्याखाली माणूस जाऊन उभा राहील, असं एकबी नाय." मग ती हसली. "यंदा राहणार मात्र. तुझी नववीची परीक्षा संपली ना? ये मदतीला. आणि जिन्यावरच्या दोघींनाबी आण, ओढण्या थुंकून."

झालं असं होतं, की कॉलेजनं यंदा दोन कामं एकत्र दिली होती. एक सार्वजनिक इमारत रेखाटायची आणि तिचा एक तुकडा प्रत्यक्ष बांधून दाखवायचा. लोखंड वापरायचं नाही, स्लॅब टाकायचा नाही, जे काय करायचं ते स्वतःच्या डोक्यानं. परीक्षक येणार ते नुसते बघायला नाहीत, त्या बांधकामावर माणसं चढवून बघणार. टिकलं तर वर्ष सुटलं. पडलं तर चौथं वर्ष पुन्हा. आणि कालिंदीच्या बाबतीत पुन्हा म्हणजे थेट कन्नड, कारण तिच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, पहिल्याच दिवशी एसटीत बसवताना सांगितलं होतं, "शिक, हौसेनं शिक. पण एक वर्ष गेलं की घरी यायचं."

वर्गातल्या बाकीच्यांनी म्युझियम घेतली, नाट्यगृहं घेतली. कालिंदीनं घेतला सारजाच्या शाळेमागं भरणारा गुरुवारचा बाजार. तिथं भाजीवाल्या बाया फाटक्या छत्र्या नि खताची पोती डोक्यावर ताणून उन्हात बसायच्या. त्यांना सावली द्यायची, हेच तिचं डिझाइन. पण सावलीचा आकार सुचत नव्हता. मग एका गुरुवारी तिला दिसली भागूबाईची झोळी.

भागूबाई लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं मेथी, कोथिंबीर आणि सात महिन्यांची नात घेऊन यायची. मेथी पोत्यावर मांडायची, नातीला लिंबाच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत घालायची. कालिंदी तीन गुरुवार त्या झोळीकडं टक लावून बघत राहिली. शेवटी भागूबाईच म्हणाली, "लेकराची एवढी हौस हाय तर लगीन करून घे की माय! माझ्या नातीला नजर लागंल."

"मावशी, मी लेकरू नाय बघत, झोळी बघतेय."

"मग तर लगीन नकोच करू," भागूबाई म्हणाली, आणि सगळा बाजार हसला.

त्याच आठवड्यात गच्चीवर पहिला प्रयोग झाला. कालिंदीनं जुन्या साडीचा तुकडा प्लास्टरच्या घोळात बुडवला आणि चार खुर्च्यांना चार टोकं बांधून झोळीसारखा सोडला. दुपारच्या उन्हात तो कडक वाळला. मग तिनं तो सोडवला आणि उलटा केला. झोळीची झाली छत्री. अंड्याच्या टरफलाएवढी पातळ.

"ठेव काहीतरी वर," ती सारजाला म्हणाली.

सारजानं भीत भीत भूगोल ठेवला. मग इतिहास. मग गणित भाग एक, गणित भाग दोन. शेवटी खाली जाऊन आईचा पाच लिटरचा कुकर आणला. टरफल हूं की चूं करेना.

"बघ," कालिंदी म्हणाली, "टांगलेलं कापड आपलं आपण ठरवतं, कुठं किती वाकायचं ते. तिथं नुसती ओढ असते. तेच उलटं केलं की सगळ्या ओढीचा दाब होतो. आणि विटेला दाब लई आवडतो."

"पण हा बाक मोठा करून काढायचा कसा?"

"गणितानं."

सारजाचं तोंड उतरलं. गणिताशी तिचं पहिलीपासून वाकडं. घरात फ्रिजवर आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली लातूरच्या एका होस्टेलचा फॉर्म लटकत होता. दहावी झाली की लातूर, मग डॉक्टर, हे बद्रीनाथरावांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, कधीच ठरवून टाकलं होतं. सारजानंही मान डोलावली होती, आणि ती डॉक्टरकीच्या ओढीनं नव्हे, तर अकरावीत गणित सोडता येईल म्हणून. हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी कालिंदीनं वहीत बाकाचे आकडे मांडले, आणि सारजा शेजारी बसून बघत राहिली. अर्ध्या तासानं तिच्या लक्षात आलं, की आपण गणित बघतोय आणि आपल्याला जांभई आलेली नाही. तिला स्वतःचीच शंका आली.

शाळेच्या मुख्याध्यापिका वच्छला मॅडमनी मैदानाचा बाजाराकडचा कोपरा दिला, आणि शाळेच्या टाकीतलं एक ड्रम पाणी. "यात भागवा गं पोरींनो. उन्हाळा आहे." काम करायला आले रामकिसन मिस्त्री. साठीचे, हाताची बोटं विटेसारखीच खरखरीत. बेत साधा होता. दोन बाजूंना तीन तीन फूट उंचीच्या जाड भिंती, त्यांच्यावर दहा फूट रुंदीची उलटी झोळी, चार इंच जाडीची, नुसत्या विटांची. एक लाकडी साचा करायचा, त्यावर दीड फुटाचा पट्टा बांधायचा, विटा जोडणारा माल घट्ट झाला की साचा पुढं सरकवायचा आणि पुढचा पट्टा बांधायचा. असे सहा पट्टे. भिंती आधीच बांधून झाल्या होत्या.

पोरींना कामं वाटली गेली. गार्गी वाळू चाळायची, झेबा विटा पोचवायची, आणि सारजाकडं सगळ्यांत सोपं काम, विटा भिजवायचं.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. सारजा ज्या घरात वाढली, तिथं नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं पाणी अंगणाला, आणि पाहुण्याला पाणी देताना पेला आधी अर्धाच, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक. नळ थेंब थेंब गळताना दिसला तर ती धावत जाऊन खाली वाटी लावायची. अशा पोरीसमोर भरलेला ड्रम ठेवला आणि सांगितलं, विटा बुडव. सारजानं काय केलं? प्रत्येक विटेवर मग्यानं मोजून पाणी ओतलं. वीट लालबुंद झाली, टपटप गळाली, झाली भिजवून! संध्याकाळी ड्रम अर्धा शिल्लक होता. सारजानं छाती फुगवून सगळ्यांना तो दाखवला.

"आज माल लई पटकन ओढतोय," मिस्त्री एकदोनदा सूर्याकडं बघत म्हणाले होते. ऊनच तसं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

दोन दिवस थांबून तिसऱ्या सकाळी साचा सरकवायचा ठरला. भागूबाई गुरुवार नसताना मुद्दाम आली होती. मिस्त्रींनी साच्याखालच्या पाचरी काढल्या. साचा दोन बोटं खाली बसला. पट्टा वर राहिला. एक, दोन, तीन, असं झेबा मोजत होती. सात म्हणेपर्यंत माथ्यावरच्या दोन विटा निसटल्या, आणि मागोमाग सगळा पट्टा धाडधाड करत साच्यावर आला. धूळ उडाली. कुणाला लागलं नाही.

सगळ्यात आधी मिस्त्री बोलले. "माझंच चुकलं, ताई. माल कमी पडला हातून. म्हातारा झालो."

"नाय काका." कालिंदी वाळूच्या ढिगावर बसली होती. "माझाच आकार चुकला. कॉलेजचे सर म्हणले होते, झोळीचं खूळ सोड. सोळा दिवस राहिलेत. आता भिंतींवर पत्रा टाकते आणि देते पुढं. नापास तर नापास."

सारजानं पायाशी पडलेला विटेचा तुकडा उचलला. मधोमध दुभंगलेला. कडेनं बोटभर गडद लाल, आणि आत? आत बिस्किटासारखा फिक्कट, कोरडा ठणठणीत. पाण्याचा थेंब तिथवर पोचलाच नव्हता. तहानलेल्या विटांनी मालातलं सगळं पाणी पिऊन टाकलं होतं आणि मालाची झाली होती नुसती भुकटी. तिनं अंगठा फिरवला, तर रांगोळीसारखी बोटाला लागली.

तुकडा फक्त तिच्या हातात होता. बाकीच्यांचं लक्ष नव्हतं. एक म्हातारा माणूस स्वतःला दोष देत होता, ताई स्वतःला, आणि सारजाच्या मागं ढिगारा होता, हात मागं नेऊन तुकडा टाकला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. वक्तृत्व स्पर्धेत पाच मिनिटं बोलणं किती सोपं होतं!

"माझ्यामुळं पडलं," ती म्हणाली. आवाज जुनाच, हजेरीतला निघाला, म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "माझ्यामुळं पडलं! मी विटा भिजवल्याच नाहीत. नुसत्या धुतल्या. पाणी वाचवलं मी."

मिस्त्रींनी तुकडा घेतला, वास घेतल्यासारखा नाकाजवळ नेला. कालिंदी ताडकन उठली. "अगं, माझं अख्खं वर्ष पणाला लागलंय आणि तू पाणी वाचवत बसलीस? एक काम दिलं होतं, एक!" ती बरंच बोलली, आणि सारजानं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. बोलता बोलता कालिंदी मध्येच थांबली. तिनं मिस्त्रींच्या हातातला तुकडा बघितला.

"म्हणजे..." ती सावकाश म्हणाली, "आकार बरोबर होता?"

"आकाराला काय धाड भरलीय," मिस्त्री म्हणाले. "कोरड्या विटांचा असून सात मोजंस्तोवर टिकला की!"

कालिंदीनं सारजाला एक धपाटा घातला आणि मग गच्च मिठी मारली. दोन्ही एकाच हातानं.

मिस्त्रींनी एक चांगली वीट उरलेल्या पाण्यात बुडवली. फस्स करून बुडबुडे निघाले. "कान लाव. वीट पाणी पिताना बोलती. बुडबुडे थांबले की समजायचं, पोट भरलं. त्याच्या आधी बाहेर काढायची नाय." सारजानं ड्रमवर कान टेकवला. वीट खरोखर बोलत होती.

आता प्रश्न पाण्याचा. पडलेल्या विटा घासून सगळ्या नव्यानं भिजवायच्या, शिवाय बांधल्यावर गोणपाट टाकून रोज पाणी मारायचं. अर्ध्या ड्रमात काय होणार? शाळेची टाकी तळाला गेलेली. टँकरला नंबर लावला तर पंधरवड्यानंतरचा. नळ परवाच येऊन गेला होता.

सारजा घरी आली तेव्हा आई वाट्या विसळत होती, तेही एका वाटीचं पाणी दुसरीत घेत. त्या वाट्यांकडं बघता बघता सारजाला एकदम लख्ख आठवलं. नळाच्या दिवशी पहाटे गल्लीत काय होतं? जो तो आपला ड्रम, पिंप, घागर ओतून मोकळी करतो! सात दिवस जिवापाड राखलेलं, पेल्यापेल्यानं पुरवलेलं पाणी, आठव्या दिवशी नवं येणार म्हटलं की 'शिळं' होतं आणि गटारात जातं. अडीअडचणीला असावं म्हणून प्रत्येक घरात दोनचार बादल्या उरलेल्या असतातच. तिच्या आईच्यासुद्धा.

"आई, नळ येतो त्या दिवशीचं आपलं शिळं पाणी मला देशील?"

"कशाला गं?"

"विटांना प्यायला."

पुढचे पाच दिवस तिघी मैत्रिणी दारोदार फिरल्या. सारजा बोलायची, गार्गी वहीत घरं लिहायची आणि झेबा तिच्या गल्लीत गेल्यावर सूत्रं हातात घ्यायची. "खाला, फेंकनेका पानी हैना, वो हमकू देव." काही बाया हसल्या. एका आजोबांनी विचारलं, "शिळं पाणी चालतं का विटांना?" सारजा म्हणाली, "आजोबा, त्या ताज्याशिळ्याचा विचार करत नाहीत. आपल्यापेक्षा शहाण्या आहेत."

आणि नळाचा दिवस उजाडला. सहा वाजता सारजा मैदानावर पोचली, तेव्हा तिथं चिटपाखरू नव्हतं. सव्वासहाला तिची आई दोन बादल्या घेऊन आली. मागं शेजारच्या काकू. मग झेबाची अम्मी घागर कमरेवर घेऊन. मग सगळी गल्लीच लोटली! स्कूटरवर पायांत कॅन धरून, हातगाडीवर पिंप घालून, लेकरांच्या हातात बाटल्या देऊन माणसं येत राहिली. गाडीवर पिंप ढकलत बाबा आले, कपाळावरचा घाम पुसत. "तुझी आई म्हणाली, पाणी पोचवलं तरच चहा." भाजीच्या बाजारातून आणलेली तीन मोठाली टिपाडं काठोकाठ भरली. सारजानं पहिली वीट अलगद आत सोडली. मग दुसरी. मग शंभर. सगळं टिपाड फसफसायला लागलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सारजानं इतकं पाणी वापरलं आणि ते मग्यानं मोजलं नाही.

सहा दिवसांत सहा पट्टे. रोज सकाळी आदल्या दिवशीच्या पट्ट्याखालून साचा सरकायचा, आणि रोज सकाळी सारजा श्वास धरून उभी राहायची. आता माल एका रात्रीत असा धरत होता, की मिस्त्री थापीनं ठोकून म्हणायचे, "बोल!" आणि वीट टण्ण बोलायची. गोणपाटावर मारायच्या पाण्याची पाळी गल्लीनं वाटून घेतली. दुसऱ्या नळाच्या दिवशी तर कुणाला सांगावंही लागलं नाही.

परीक्षक येण्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा साचा निघाला. छत उभं होतं. खाली कुठंही खांब नाही, दांडी नाही, नुसता विटांचा झोका आभाळाकडं फुगलेला. मिस्त्रींच्या उस्तादांची एक रीत होती. साचा निघाला की पहिल्यांदा बांधणाऱ्यानं खाली बसून चहा प्यायचा, मग दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा. मिस्त्री मांडी घालून बसले. शेजारी कालिंदी. मग मिस्त्रींनी तिसरा कप भरला आणि हाक मारली, "विटांना पाणी पाजणारी कुठाय?" सारजा आत जाऊन बसली. वर चार इंच विटा. तिनं चहा इतका सावकाश प्यायला, की तो गार झाला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. बाजार भरलेला, आणि मध्ये दोन परीक्षक. त्यांतल्या पिकल्या केसांच्या बाईंनी छताखाली उभं राहून वर बघितलं, हातोडीनं दहा ठिकाणी ठोकून बघितलं आणि विचारलं, "लोखंड?"

"नाय, मॅडम."

"मग कशावर उभंय?"

"झोळीवर," कालिंदी म्हणाली.

बाईंनी हातोडी खाली ठेवली. चपला काढल्या, पदर खोचला आणि शिडी चढून सरळ माथ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. टाच आपटली. "या," त्या म्हणाल्या, "अजून या!" मिस्त्री चढले. कालिंदी चढली. कन्नडहून आलेले काकासाहेब धोतर सावरत चढले आणि वर गेल्यावर लेकीचा दंड धरून उभे राहिले, तोल सांभाळायला की कशाला कोण जाणे. गार्गी, झेबा, झेबाची अम्मी, भाजीवाल्या तीन बाया. दहा झाले. छत हूं की चूं करेना.

"मावशी, नातीची झोळी बांधा खाली!" कुणीतरी ओरडलं.

"आधी तुम्ही धड खाली या," भागूबाई म्हणाली, "मग बांधते. आन् मंग सोडायची नाय, इथंच ऱ्हाईल!"

खाली टाळ्या पडत होत्या. पिकल्या केसांच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि कालिंदीच्या पाठीवर हात ठेवला. कालिंदी एकाच वेळी हसत होती, रडत होती. मग तिनं गर्दीत सारजाला शोधलं. "ए, जिन्यावरची! प्रश्न विचारलास ना? चढ, उत्तर बघ!"

सारजा चढली. अकरावी. पायांखाली विटा उन्हानं गरम झालेल्या, तिनं स्वतः बुडवलेल्या, एकेकीचे बुडबुडे ऐकलेले. समोर शाळा दिसत होती, मागं बाजार, आणि खाली शिडीपाशी आई नि बाबा मान वर करून उभे. बाबांच्या चेहऱ्यावर असं कौतुक होतं, की तिला वाटलं, सांगायचं तर आत्ताच.

"बाबा! आई! फ्रिजवरचा फॉर्म काढून टाका. मी लातूरला जाणार नाही!"

"काय?" बाबा ओरडले. "अगं आधी खाली उतर, मग बोल!"

"खाली उतरल्यावरपण हेच बोलणार! मी अकरावीला गणित घेणार."

"गणित? तू?" आईनं कपाळाला हात लावला. झेबा वर हसून हसून बसलीच.

"हो, मी! माझं कच्चं आहे, मला ठाऊक आहे. भिजवायचं राहिलंय फक्त. ताई शिकवणार आहे. आणि मग मी हेच करणार, आई. माणसं ज्याच्यावर चढून उभी राहतील, असं काहीतरी बांधणार. मी ठरवलंय."